चौऱ्याऐंशीच्या आसपास

अक्कांना कोणी त्यांचा स्वतःचा आयक्यू विचारला की त्या उलट विचारायच्या, "कुठल्या दिवसाचा?"

लोकांना तो विनोद वाटायचा. अक्का मात्र हसायच्या नाहीत. समोरचा दिवस सांगेल म्हणून थोडा वेळ थांबायच्या आणि तो सांगत नाही असं दिसलं की कामाला लागायच्या.

बसवनगुडीत एका ट्रस्टचं केंद्र होतं. तिथे त्या मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेत आणि मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. मानसशास्त्राची पदवी आणि त्या पदवीला न शोभणारा आत्मविश्वास घेऊन मी पुण्याहून नुकताच आलो होतो. अक्कांचं घराणं सतराव्या शतकात कधीतरी मराठी फौजांबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं. "परत जायला वेळ झाला नाही," असं त्या सांगत. केंद्रात सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, वयानं मोठे असलेले विश्वस्तसुद्धा. त्यांच्या मराठीत 'स्वल्प थांब' आणि 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, हे कानडी सहज येऊन जायचं. माझं मराठी ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू पुस्तकातून बोलतोस की रे. मुलं घाबरतील."

केंद्राच्या व्हरांड्यात वजनाचा काटा होता, शेजारच्या बालरोगतज्ज्ञांचा. मुलाचा आकडा ऐकायला आलेल्या आईबापांना अक्का आधी त्या काट्यावर उभं करायच्या. एकदा चपला घालून, एकदा चपला काढून, एकदा खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन. मग विचारायच्या, "यातलं तुमचं वजन कुठलं?" बहुतेक लोक चपला काढल्यानंतरचं सांगत. "आणि सकाळी नाश्त्याआधी केलं असतं तर?" इथपर्यंत आल्यावर काहीजणांना मुद्दा कळायचा. बाकीच्यांना वाटायचं की केंद्रात वजनाचीही फी लागणार.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सर्जापूर रोडवरून आलेल्या मुलांची चाचणी त्या आल्या आल्या कधीच घेऊ द्यायच्या नाहीत. "दोन तास गाडीत आंबलेल्या मुलाची परीक्षा घेतलीस तर रस्त्याचा आयक्यू येतो," हे त्यांचं म्हणणं. मुलाला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत नेऊन इडली खायला घालायची, मग पाऊण तास केंद्राच्या अंगणात सोडायचं, आणि त्यानंतर टेबलापाशी बसवायचं.

एकदा एक वडील म्हणाले, "मॅम, आमचा स्लॉट दहाचा आहे."

"स्लॉट तुमचा आहे," अक्का म्हणाल्या. "डोकं त्याचं आहे, आणि ते अजून गाडीत आहे."

आकडा सांगायची वेळ आली की त्या पुढे 'च्या आसपास' जोडायच्या आणि लगेच खालची-वरची हद्द सांगायच्या. एकशे चारच्या आसपास, म्हणजे नव्याण्णव ते एकशे नऊ. लोकांना ही हद्द नको असायची. एचएसआर लेआउटमध्ये स्वतःची कंपनी असलेल्या एका गृहस्थांच्या मुलाचे एकशे अडतीस आले. त्यांना ते पत्र एका शाळेच्या प्रवेशासाठी हवं होतं. ते परत आले आणि म्हणाले, "बाकी सगळं परफेक्ट आहे, फक्त हे 'आसपास' काढता येईल का? वीक वाटतं."

"आसपास काढायचं तर आकडाही जाईल," अक्का म्हणाल्या. "ते दोघं एकत्र राहतात."

आणखी एका वडिलांना त्यांनी मुलाचा पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णव असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोन मार्क कुठे गेले?" अक्कांनी शांतपणे समजावलं की हे मार्क नव्हेत. याच्याच वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली, तर अठ्ठ्याण्णव याच्या मागे.

"आणि पुढे?"

"पुढे एखाद-दुसरं असेल."

"ती मुलं कुठल्या शाळेत आहेत?"

त्या दिवशी अक्का दुपारचा डबा न खाता लवकर घरी गेल्या.

एका विश्वस्तांनी एका वर्षी टूम काढली की वर्षातल्या सर्वाधिक बुद्ध्यांकाच्या दहा मुलांचा सत्कार करायचा. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, आणि अध्यक्षस्थानी कुणीतरी निवृत्त कुलगुरू. यादी द्यायचं काम अक्कांकडे आलं. त्यांनी वर्षभरात तपासलेल्या सगळ्या मुलांची नावं आद्याक्षराच्या क्रमानं लिहून दिली. कार्यालयातल्या मुलीनं तीच यादी बघून आमंत्रणं पाठवली. समारंभाला सगळी मुलं आली, बरीचशी आजी-आजोबांसह. शाली दहाच होत्या. कुलगुरूंनी भाषणात या अफाट गुणवत्तेबद्दल शहराचं अभिनंदन केलं. विश्वस्तांनी अक्कांशी महिनाभर बोलणं सोडलं. त्या काळात कामं भराभर झाली, असं अक्का सांगायच्या.

त्या संत नव्हत्या, हेही सांगायला हवं. माझे अहवाल त्या सहकाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि 'सदर बालिका' असा शब्द आला की वाचन थांबवून माझ्याकडे बघत राहायच्या. स्वतःच्या अक्षराचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांना मुलांच्या बाबतीत जमायचं, मोठ्यांच्या बाबतीत नाही. आणि आपण कशावरही आंधळा विश्वास ठेवत नाही, याबद्दल त्यांना जरा जास्तच खात्री होती.

ती मुलगी आठवीत होती. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मूळचे सांगलीकडचे. मुलीला वाचता येत नव्हतं असं नाही, पण एक परिच्छेद वाचायला तिला जो वेळ लागायचा त्यात वर्गातल्या इतरांचा धडा संपायचा. तोंडी विचारलं तर उत्तरं नीट यायची. चाचणी मी घेतली. मध्येच तिनं माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघून विचारलं, "सर, ते बंद केलं तर मला जास्त येईल का?"

येईल, हे मला माहीत होतं. पण तसं सांगायची पद्धत नाही.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. त्यासाठी एका समितीकडून प्रमाणपत्र घ्यावं लागे, आणि प्रयत्न आधीपासून करावा लागे. समितीचा नियम सरळ होता. वाचनाची अडचण मानायची तर मुलाची बुद्धी सर्वसाधारण हवी, आणि सर्वसाधारण म्हणजे पंच्याऐंशी किंवा जास्त. त्याच्या खाली असेल तर वाचता न येण्याचं कारण बुद्धीच आहे असं धरायचं आणि सवलत द्यायची नाही. फारच खाली असेल तर वेगळ्या सवलती होत्या. मधल्या मुलांसाठी कोणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

मुलीचे चौऱ्याऐंशी आले.

मी रात्रभर ते उत्तरांचे कागद डोक्यात घेऊन झोपलो आणि सकाळी एक उत्तर शोधून काढलं. शब्दार्थाच्या भागातलं. मी त्याला एक गुण दिला होता. मन मोठं केलं तर दोन देता आले असते, आणि दोन दिले तर एकूण पंच्याऐंशी होत होते. मी ते अक्कांसमोर ठेवलं.

"पहिल्यांदा तपासलंस तेव्हा किती दिलेस?"

"एक."

"तेव्हा बेरीज माहीत होती?"

"नाही."

"आता माहीत आहे?"

"हो."

"मग आता तू तपासायच्या लायकीचा राहिला नाहीस. ठेव तो कागद."

अहवाल चौऱ्याऐंशीचाच गेला. अक्कांनी त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं की हा आकडा एकोणऐंशी ते एकोणनव्वदच्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि चौऱ्याऐंशी व पंच्याऐंशी यांत फरक करणं या चाचणीच्या आवाक्याबाहेरचं आहे. समितीनं अहवाल परत पाठवला. चौऱ्याऐंशीभोवती लाल वर्तुळ होतं. अक्कांचं वाक्य त्यांनी वाचलं असावं, कारण त्याच्या शेजारी पेनानं एक प्रश्नचिन्ह होतं.

ऑगस्टच्या मध्यावर मुलीची आई आली. मुलगी शाळेत होती. आई खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही त्या दिवशी मला काट्यावर उभं केलंत. एका पॉइंटनं काही फरक पडत नाही म्हणालात. तो पॉइंट म्हणजे काहीच नाही, हो ना?"

"काहीच नाही."

"मग द्या ना तो काहीच नसलेला. तुमचं काय जातंय?"

 अक्कांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आज तुला एक दिला," त्या अखेर म्हणाल्या, "तर उद्या त्र्याऐंशीवाली येईल. तिला दोन देऊ? तीही आईच असेल. रेघ चुकीच्या जागी आहे म्हणून मी रोज रात्री ती हलवत बसू का? मी ती समितीसमोर जाऊन चूक म्हणेन. पण पट्टी खोटी धरणार नाही."

"तुम्ही चूक म्हणाल, ते नाही म्हणतील, आणि माझी मुलगी तीन तासांत अर्धा पेपर लिहून बाहेर येईल. वाचता येत नाही म्हणून नापास होईल, आणि मग सगळे म्हणतील, बघा, ढच होती."

"ती ढ आहे असं मी कुठं म्हटलं गे?"

"तुम्ही नाही म्हणालात. तुमचा कागद म्हणाला."

बोलायचं संपलं होतं. आई उठली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि टेबलावर उघडून ठेवला.  "घ्या. आज वाढदिवस आहे तिचा. भांडले म्हणून न देता कशी जाऊ?"

अक्कांनी पेढा घेतला. तो तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

"आज?"

"हो. तेरावा."

अक्कांनी दुसऱ्या हातानं फाइल उघडली. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर जन्मतारीख होती अठ्ठावीस मे. शाळेच्या दाखल्यावर तीच. मी अहवालावर तीच उतरवली होती आणि अक्कांनी खाली सही केली होती.

आईच्या लक्षात आलं. ती परत बसली.

मुलीचा जन्म आईच्या माहेरी, गावात झालेला. नोंदणी आजोबांनी केली, तीही उशिरा. एक जूनला वय पूर्ण असेल तरच त्या वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. नातीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिला अडीच महिने आधी जन्माला घातलं. "बाबा म्हणाले, अडीच महिन्यांनी काय होतंय? सगळेच करतात," आई म्हणाली. "मग शाळा, पासपोर्ट, आधार, सगळीकडे तेच लागत गेलं. आम्हीसुद्धा विसरलो. वाढदिवस तेवढा घरात खऱ्या तारखेला करतो."

अक्का पुटपुटल्या, "वय मी कधी विचारलंच नाही. कधीच नाही." तीस वर्षं त्यांनी मुलाची झोप, नाश्ता, घरातली भाषा, रस्त्यातली गर्दी, घड्याळ, स्वतःचा मूड, सगळ्यावर संशय घेतला होता. सरकारी शिक्क्यावर मात्र घेतला नव्हता.

त्यांनी मला तक्ते आणायला सांगितलं. चाचणीतल्या उत्तरांचे कच्चे गुण त्या त्या वयाच्या तक्त्यात घालून बघावे लागतात, आणि तक्ते काही काही महिन्यांनी बदलतात. चाचणीच्या दिवशी मुलगी कागदावर तेरा वर्षं पूर्ण होती. खरं तर ती बारा वर्षं आणि अकरावा महिना चालू, अशी होती. मी त्या पानाऐवजी आधीचं पान उघडलं. उत्तरं तीच, गुण तेच. बेरीज सत्त्याऐंशी झाली. अक्कांनी ती स्वतः दोनदा करून पाहिली आणि मग पेढा खाल्ला.

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे झालं!"

"स्वल्प थांब. तुझी मुलगी आत्ता हुशार झालेली नाही. काल होती तेवढीच आहे. आकडा म्हणजे ती तिच्या वयाच्या मुलांच्या रांगेत कुठे आहे ते. आपण तिला मोठ्या मुलांच्या रांगेत उभी केली होती, आणि मागे पडली म्हणून लिहून दिलं."

 आईनं फार हळू विचारलं, "वर्गातही तसंच, नाही का? पहिलीपासून."

"वर्गातही."

"आणि मी तिला म्हणायचे, बाकीच्या मुलांना जमतं मग तुलाच का नाही."

 अक्कांकडून सांत्वनाची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता, पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

अडचण पुढे होती. सत्त्याऐंशी लिहायचे तर खरी तारीख लिहावी लागणार. आई म्हणाली, "तारीख मेचीच राहू द्या, आकडा तेवढा नवा घाला." अक्का म्हणाल्या, मेच्या मुलीचे चौऱ्याऐंशी आहेत. हवं तर दोन्ही तारखा आणि दोन्ही आकडे लिहिते, आणि खऱ्या तारखेबद्दल तू लिहून दे. आईनं बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला. व्हरांड्यातून तिचं बोलणं ऐकू येत होतं. शाळेनं कारवाई केली तर, पासपोर्टचं काय, बाबांचं नाव खराब होईल, असं पलीकडून चाललं असावं, कारण ती एकेकाला उत्तर देत होती. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही येऊन तिला सांगा, की आजोबांचं नाव तिच्या दहावीपेक्षा मोठं आहे." आणि फोन बंद करून आत आली.

निवेदन मी टाइप केलं. 'कुटुंबीयांकडून अनवधानाने जन्मतारखेची नोंद' असं मी लिहिलं होतं. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "अनवधानानं नाही. मुद्दाम. आणि कुटुंबीय कशाला? 'मी' लिहा." मग पेन मागून घेतलं आणि टाइप केलेलं सगळं बाजूला ठेवून स्वतःच लिहायला बसली. चार ओळी झाल्या. 'माझ्या मुलीचा जन्म चौदा ऑगस्टचा आहे. शाळेसाठी मे लिहिला. हे मला माहीत होतं. यात तिची काही चूक नाही.' कानडीतला अनुवाद अक्कांनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात खाली केला.

समितीपुढे अक्का स्वतः गेल्या, मुलगी, आई आणि मला घेऊन. अध्यक्ष डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि वैतागून म्हणाले, "मॅडम, एक काय ते सांगा. आम्हाला फॉर्ममध्ये एकच रकाना आहे."

"रकाना एकच आहे हे मला दिसतं," अक्का म्हणाल्या. "मुलगीही एकच आहे. ती बाहेर बसली आहे. तिला बोलावून एक पान वाचायला द्या आणि मग तेच पान तिला वाचून दाखवून प्रश्न विचारा. त्यानंतर रकान्यात काय घालायचं ते तुम्हीच ठरवा."

डॉक्टर भले होते, किंवा जेवायची वेळ झाली होती. त्यांनी मुलीला बोलावलं, दोन्ही केलं आणि आईचं निवेदन पुन्हा एकदा वाचलं. मग सत्त्याऐंशी लिहिले. अक्कांनी बाहेर आल्यावर कुरकुर केली की 'च्या आसपास' लिहिलं नाही.

मुलगी बाकावर आमची वाट बघत होती. तिनं अक्कांना विचारलं, "म्हणजे मी ढ नव्हते? नुसती लहान होते?"

दुसरं कोणी असतं तर हो म्हणालं असतं. मीही म्हणालो असतो. अक्का तिच्या शेजारी बसल्या. "वाचायला तुला कठीण जातं ते जातंच. ते तारखेनं जाणार नाही, त्यासाठी खपावं लागेल. पण लहान होतीस हे नक्की, आणि ते कोणी बघितलं नाही. मीसुद्धा."

मुलीनं यावर विचार केला आणि "सरी," म्हणाली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आईचा केंद्रात फोन आला. मुलगी नववीत होती, वाचन हळूहळू सुधारत होतं. त्यांच्या शाळेत वाढदिवसाच्या दिवशी गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून यायची आणि वर्गात चॉकलेटं वाटायची मुभा होती. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून हिला ती कधी मिळाली नव्हती. त्या दिवशी ती घरात कोणाला न सांगता पिवळा फ्रॉक घालून शाळेत गेली. बाईंनी हजेरीपट उघडून बघितला आणि वर्गासमोर विचारलं, हा काय प्रकार आहे, तुझा वाढदिवस मेमध्ये झाला. तिनं दप्तरातून आईच्या निवेदनाची झेरॉक्स काढली आणि उभं राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवली, चारही ओळी.

अक्कांनी फोनवर विचारलं, "अडखळली का?"

"एकदाही नाही," आई म्हणाली. "कागद उलटा धरला होता. पाठ होतं तिला."